भाऊंच्या कॉम्प्युटरची सोयरीक

चंद्रपूरच्या कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने मला विचारलं, "ए.जी.पी. पाहिजे का एक्स्प्रेस?" आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "एक्स्प्रेस." आमच्याकडे गाड्या दोनच प्रकारच्या, पॅसेंजर आणि एक्स्प्रेस. असं कोणी तोंडावर विचारल्यावर पॅसेंजर कोण मागेल? त्याने खोका बांधून दिला आणि मी आमच्या गावची, सावलीची एस.टी. धरली. पंचायत समितीत माझ्या टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा गल्लीत समज होता. तो मीच पसरवला होता.

खोक्यातलं ग्राफिक्स कार्ड होतं शेजारच्या दामोदरभाऊंसाठी. भाऊ आमच्या भागातले सोयरीक जुळवणारे. जन्मभर तेच केल्यामुळे त्यांना जगात दुसरं काही दिसतच नसे. नळाची तोटी आणायची असली तरी नळ उपटून दुकानात न्यायचे. "दोघायले आमनेसामने केल्याबिगर मी हो म्हणत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा पातेल्याला झाकण पाहायला आठवडी बाजारात गेले, ते डाळीसकट पातेलं घेऊन. झाकण मिळालं, डाळ अर्धी रस्त्यावर गेली.

बायको वारल्यापासून भाऊ एकटे. मुलगा पुण्याला. त्याने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना इकडे आणून ठेवला. मागच्या उन्हाळ्यात नात आली, मुक्ता. तिने त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला, तर पडदा काळाच. ग्राफिक्स कार्डाशिवाय चालत नाही म्हणाली, आणि सुट्टी अर्धी टाकून आईच्या माहेरी निघून गेली. येत्या सुट्टीच्या आत कार्ड बसलं पाहिजे, मग पोरगी राहील, एवढं एकच भाऊंच्या डोक्यात होतं.

कॉम्प्युटरचा डबा सोबत न्यायचा, असा त्यांचा हट्ट होता. पोराला न दाखवता पोरगी पसंत कशी करायची? मी म्हणालो, भाऊ, कार्ड म्हणजे कार्ड, कोणतंही बसतं. खरं कारण वेगळंच होतं. एस.टी.त सगळे ओळखीचे, आणि टॉवेलात गुंडाळलेला डबा मांडीवर घेतलेल्या म्हाताऱ्याशेजारी बसायची मला लाज वाटत होती. म्हणून मी एकटाच गेलो.

कार्ड बसवायच्या दिवशी भाऊंनी पोहे केले, गल्लीतली माणसं बोलावली. मी डबा उघडला. कार्ड खाचेत जाईना. उलटं धरलं, फुंकर मारली, धोतराच्या सोग्याने पुसलं, तेही भाऊंच्या. शेवटी दोन्ही अंगठे लावून जोर केला, तेव्हा भाऊंनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या बाबूजी. जबरदस्तीची सोयरीक आपून करत नाई."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं आता भाऊ काही बोलतील. त्यांनी माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

दुसऱ्या खेपेला डबा सोबत आला, माझ्याच मांडीवर. कंडक्टरने हे काय म्हणून विचारलं. भाऊ म्हणाले, नवरदेव आहे. अख्खी बस मूल गाव येईपर्यंत माझ्याकडे वळून पाहत होती. दुकानदाराने झाकण काढून एकदा पाहिलं आणि सांगितलं, ही खाच जुनी, ए.जी.पी.ची; एक्स्प्रेस हिच्यात कधीच जाणार नाही. जुन्या पद्धतीचं कार्ड आता नागपूरहून शोधून मागवावं लागेल. शिवाय डब्याची पॉवर पुरते का, तेही पाहावं लागेल.

"म्हंजे तिले दोन टाइम पोटभर भेटन का नाई, असंच ना?" भाऊंनी विचारलं. दुकानदार हो म्हणाला. भाऊंना माणूस आवडला.

नागपूरचं कार्ड आलं, बसलं, पडद्यावर गाड्याही धावल्या. पण तोवर शाळा उघडल्या होत्या. मुक्ता आलीच नाही. कोणी विचारलं की भाऊ सांगत, तिचा क्लास होता. माझ्या एक्स्प्रेसचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही, आणि मला तेच जास्त लागायचं.

एका संध्याकाळी बायकोने दिलेली भाजी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या. रिकाम्या खुर्चीवर पोरीचा हात पुरावा म्हणून उशी. पडदा मधोमध दुभागलेला, दोन गाड्या. भाऊ दोन्ही हातांनी बटणं दाबत होते.

"हे काय, भाऊ?"

"डाव्या हातानं तिची चालोतो, उजव्यानं माही," ते मान न वळवता म्हणाले. "डावा हात लय मागं पडते गा. म्हून उजव्याले थांबा लागते. तिची पुढं राह्यली पाह्यजे ना."

मी भाजी ठेवली. रिकाम्या खुर्चीवर बसायचा मला धीर झाला नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, एस.टी.त डबा न्यायची लाज वाटली होती, तेही. ती कणीक मळत होती. गोळा झाकून ठेवला, हात धुतले.

मग म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळचा चहा तुमी भाऊंकडंच घेत जा. मी दोघायचा देत जाईन. तिची गाडी तुमी चालवा. बाकी कशाले हात लावू नोका."