भास्करभाऊंचे बारा फुटी पत्रे

गाडी सुरू करण्याआधी भास्करभाऊ गिऱ्हाइकाला दोरीला लोंबकळायला लावायचे. तशी त्यांची अटच होती. निर्मळ गावात राहणारे, साठीचे गृहस्थ. पूर्वी केळीचे घड न्यायचे. वाड्या कमी होऊन इमारती वाढल्या, तसे त्याच पिकअपमधून छपराचे पत्रे नेऊ लागले.

आमचा फ्लॅट तिथून जवळच उमेळ्याला, सगळ्यात वरचा. तीन पावसाळे गळती पुसून थकलो, तेव्हा गच्चीवर शेड घालायची ठरवली. आठवडाभर मुंबईला जाऊन-येऊन अंग आंबलेलं. हाती लागलेल्या एकुलत्या रविवारी दुकानापाशी पत्रे भरले, तर भाऊ म्हणाले, "साहेब, लोंबकळा."

"मी?"

"पत्रे तुमचेच ना?"

लोंबकळलो. दोरी बोटभर सैल निघाली. त्यांनी सगळी बांधणी सोडली. आठ फुटांच्या गाडीतून पत्रे चार फूट बाहेर. खाली लांब फळ्या. कडांवर गोणपाट, म्हणजे दोरी कापली जात नाही. पुढची टोकं करकचून, म्हणजे वारा खाली शिरत नाही. मग फुली मारून दोरी, आणि मागच्या टोकाला लाल फडकं. मी घड्याळ पाहिलं.

"वाऱ्याला विचारलंत का?" भाऊ म्हणाले. घाई करणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत. "केळीचा घड पडला तर केळी चेपतात. पत्रा सुटला तर कुणाची मान जाईल, सांगता येत नाही."

वाटेत पुन्हा पुन्हा थांबून त्यांनी दोऱ्या चाचपल्या. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि भाजी घेऊन परतही आला. गळकं घर काय वाईट होतं, असं मला वाटायला लागलं.

दुपारी दोनला पोहोचलो. पत्रे वर चढल्यावर बायकोनं चहा दिला. कप खाली ठेवून भाऊ जरा चाचरत म्हणाले, "वहिनी, एक फोन करू? नाशिकला, मुलीकडे."

तिथे फोन शेजाऱ्यांकडे होता, त्यांनी उचलला. "सुनीता नाही? बरं. तिला सांगा, बाबा पोहोचले... कुठे म्हणजे? नुसतं पोहोचले म्हणा, तिला कळेल."

मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "पूर्वी हिची आई दारात वाट बघत असायची. ती गेल्यावर ही बघायची. आता हिचं लग्न झालं. म्हणून भरलेली गाडी पोहोचली की कळवतो."

"आणि घरी पोहोचल्यावर?" बायकोनं विचारलं.

"रिकामी गाडी, वहिनी. तिला काय होतंय!"

"तरी कळवा. आम्हाला." तिनं चिठ्ठीवर आमचा नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी खिशातच राहणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी फोन वाजला, मी उचलला. मागून रस्त्याचा आवाज येत होता. नाक्यावरच्या बूथवरून बोलत असावेत.

"भास्कर बोलतोय. पोहोचलो."

"बरं झालं, भाऊ."

बोलणं संपलं होतं. पण त्यांनी फोन ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही.