चार ग्रॅमचे अकरा किलो

न्यायदेवता आंधळी आहे हे सर्वांना ठाऊक असते. तिच्या हातात तराजू कशाला दिला आहे, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. मी करतो, कारण अपील कोर्टातला तो तराजू गेली बावीस वर्षे माझ्या ताब्यात आहे. माझे पद 'वजनकाटा कारकून'. (पद कायम आहे. काटा दोनदा बदलला.)

अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा वजनावर ठरते. पाच ग्रॅमपर्यंत पंधरा दिवस, शंभर ग्रॅमपर्यंत एक वर्ष, दहा किलोपर्यंत पाच वर्षे. त्यावर गेल्यास माणूस घाऊक व्यापारी समजला जातो आणि त्याला वीस वर्षे मिळतात. ही व्यवस्था मला निर्दोष वाटते. आरोपीच्या मनात काय होते हे आजवर कुणाला तोलता आले आहे? काट्याला ते तोलावे लागत नाही, आणि काट्याला लाचही देता येत नाही. (कारकुनाला देता येत असावी. अनुभव नाही.)

या व्यवस्थेचा उत्तम नमुना म्हणजे मास्तरांचे अपील. मास्तर हे शिंपी. एका गिऱ्हाइकाचा कोट त्यांनी पाठीत सैल करून ठेवला होता. गिऱ्हाईक न्यायला आले. दोघे अंगापिंडाने सारखेच, म्हणून मास्तरांनी नेहमीच्या पद्धतीने कोट स्वतःच्या अंगावर चढवला, वळून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा, पाठीत एक तरी चुणी दिसते का?" गिऱ्हाइकाने पाठीऐवजी रस्ता बघितला. रस्त्यावर पोलीस होते. गिऱ्हाईक मागच्या दाराने गेले, ते आजतागायत गेलेलेच आहे. कोटाच्या आतल्या खिशात पुडी सापडली. चार ग्रॅम.

"कोट माझा नाही हो," मास्तर म्हणाले.

"मग अंगात कसा?" हवालदारांनी विचारले.

या प्रश्नावर खालच्या कोर्टात तीन दिवस युक्तिवाद झाला. शेवटी मास्तरांना कोट घालून उभे करण्यात आले. कुठेही चुणी नव्हती. 'इतका मापात बसलेला कोट दुसऱ्याचा असणे मानवी अनुभवास धरून नाही,' असे निकालात म्हटले आहे. हे वाक्य ऐकून आरोपीच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, याचीही नोंद आहे.

आता वजन. नियम सतरा सांगतो की मुद्देमाल वेष्टनासह तोलावा. (पूर्वी उघडून तोलत. एकदा पंखा चालू राहिला आणि अख्खा खटला उडून गेला.) पाकीट, कापडी पिशवी आणि लाखेचे सील धरून मास्तरांची पुडी नव्वद ग्रॅम भरली. पंधरा दिवसांचे एक वर्ष झाले. तेव्हा मास्तरांनी अपील केले, आणि खरी प्रगती तिथून सुरू झाली.

अपिलातला मुद्देमाल सात कार्यालयांतून वर येतो. प्रत्येक कार्यालय त्यावर आपले कापड शिववते आणि आपले सील मारते. जुने काढायचे नसते, कारण सील तोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. नियम सतरा-ब प्रमाणे प्रकरणासंबंधीचा प्रत्येक कागद हा वेष्टनाचाच भाग असल्याने तोही आत शिवतात. हे शिवणकाम तुरुंगातल्या शिवण विभागाकडे असते. आणि त्या वर्षी तुरुंगात खराखुरा शिंपी एकच होता.

इतर कैदी चार टाके घालून मोकळे होत. मास्तरांनी अस्तर लावले. कोपऱ्यांना दुहेरी पट्टी दिली. तिसऱ्या वेष्टनाला त्यांनी अर्ज करून कॅनव्हास मागवला, कारण त्याशिवाय 'अंगाला बसत नव्हते'. एकूण वजन चौथ्याला सव्वा किलो, पाचव्याला तीन, सहाव्याला साडेसहा. तपासणी अधिकाऱ्यांनी शेरा दिला की इतका देखणा मुद्देमाल त्यांनी पाहिला नव्हता.

मास्तरांच्या पत्नी दुकान चालवून दर महिन्याला भेटायला येत.

"अहो, पातळ कापड घ्या की! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

"अगं, पातळ कापडाला कोपरे धरत नाहीत. वरच्या कोर्टात जायचंय ते. माझ्या हातचं आहे म्हणून कळणार सगळ्यांना."

"आणि तुम्ही घरी कधी यायचं? मी म्हातारी झाल्यावर?"

मास्तरांनी दोन बोटे जोडून दाखवली. मग म्हणाले, "आतून माया सोडलीय. दोन-दोन बोटं. उसवायला सोपं जाईल."

शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. बाईंना ते माहीत होते, तरी त्या रडल्या. (भेटीतले संभाषण तुरुंगाचा कारकून लिहून घेतो. तो कागदही आत शिवला. बारा ग्रॅम.)

सुनावणीला दोन शिपायांनी मुद्देमाल हातगाडीवरून आणला. मी तोलला. अकरा किलो दोनशे चाळीस ग्रॅम.

सरकारी वकिलांनी वीस वर्षे मागितली. "एक साधा शिंपी वर्षभरात, तेही तुरुंगात बसून, एवढा धंदा वाढवतो," ते म्हणाले, "तर बाहेर सोडल्यावर काय करेल!" मास्तरांचे वकील म्हणाले, नाकापेक्षा मोती जड झाला आहे. त्यांना हे कोणत्या कलमाखाली, असे विचारण्यात आले आणि ते बसले.

मग न्यायाधीश बाईंनी एक विचित्र प्रश्न विचारला. "यात नेमकं आहे काय?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. सरकारी वकिलांनी पाणी मागितले.

मास्तर हात जोडून उभे राहिले. "बाईसाहेब, सील न तोडता शिवण उसवून देतो. माझीच आहे."

दीड तास ते उसवत होते. निघालेले प्रत्येक वेष्टन ते घडी करून बाजूला ठेवत. सातव्याच्या आत पहिले पाकीट निघाले आणि त्यात एक चिठ्ठी. 'नमुना तपासणीस पाठवला. कमी असल्याने सगळाच पाठवला.' प्रयोगशाळेला फोन लावला. त्यांनी सांगितले, मिळाला होता, तपासता तपासता संपला. डोंगर पोखरला आणि उंदीरसुद्धा निघाला नाही.

मास्तर सुटले. पत्नीने आणलेला शर्ट घालून घरी गेले. कोट परत घ्या म्हटले, तर दाराकडे पळाले. मला मनापासून आनंद झाला. तो संध्याकाळी नोंदवही उघडेपर्यंत टिकला.

वहीत अकरा हजार दोनशे चाळीस ग्रॅम जमा होते. नियम बावीसप्रमाणे वजन खोडता येत नाही, पुढे कुणाच्या ताब्यात गेले ते दाखवावे लागते. तोवर ते काटा-कारकुनाच्या नावे राहते. म्हणजे वीस वर्षे, आणि माझ्या निवृत्तीला सहाच उरली आहेत.

तेव्हा मी नियम सतरा-ब पुन्हा वाचला. प्रकरणासंबंधीचा प्रत्येक कागद हा मुद्देमाल. ताबा सिद्ध व्हायला दोनच गोष्टी लागतात. वस्तू हातात हवी, आणि ती काय आहे हे ठाऊक हवे. म्हणून ही हकिकत लिहून छापून घेतली. अर्ध्यात सोडणारे अज्ञानामुळे निर्दोष सुटतात. तुम्ही इथवर आलात.

तुमच्या हातातले पान चार ग्रॅमचे आहे. मला असे दोन हजार आठशे दहा वाचक हवे होते, तुमचा आकडा टिपून घेतला आहे. शिक्षा पंधराच दिवस, अपील केले नाही तर. पान माझे नाही, असे तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. मास्तरही तेच म्हणाले होते, पण त्यांना निदान उसवता येत होते.