सखारामजींच्या घरचं पाणी

सखारामजी कुणाच्याही घरी गेले की आधी रांजणात डोकं घालत. माणसांशी रामराम मागाहून.

"मास्तर, कवाचं पाणी हाय हे?"

"कालचंच की."

"खोटं नोका बोलू. अळ्या वळवळून राह्यल्या!" आणि माझी बायको हां हां म्हणेपर्यंत रांजण पालथा! अहो, खामगावात पाणी काय वाटेवर पडलं होतं? सात खेपा करून भरलेलं ते. ती दिवसभर त्यांच्या नावानं बोटं मोडी.

शेजारच्या घरात ते एकटेच राहत. चैत्रात बायको हिवतापानं गेली होती. सरकी काढायच्या जिनात कापूस तोलायचं काम. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले तेव्हाची ही गोष्ट. तिकडून हिवतापाचं एक छापील पत्रक आलं, चावडीवर वाचलं गेलं आणि आम्ही सगळे विसरून गेलो. यांनी तेवढं पाठ केलं. आठवड्याला भांडी कोरडी करा, डबक्यांवर घासलेट टाका, मच्छरदाणी लावा, ताप आला की कोयनेल घ्या. दर शुक्रवारी घासलेटचा डबा घेऊन स्वारी गल्लीत हजर. "उभं पाणी म्हंजे घात!" हे पालुपद. एकदा रहीम रंगाऱ्याच्या रंगाच्या हौदातच त्यांनी घासलेट ओतलं. लुगड्यांचा वास काही केल्या जाईना. रहीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "सखारामभौ, मच्छर तो मरे, लेकिन गिऱ्हाईक बी गये!"

एवढं करूनही त्या वर्षी गल्लीत ताप हटेना. आमची मंडळी तिसऱ्यांदा पडली. दोन गोधड्यांखाली तिचे दात वाजत होते, कोयनेलनं कान बंद झाले होते. मला धडकीच भरली. दिवेलागणीला पाहतो तर डासांचा थवा सखारामजींच्या भिंतीवरून आमच्याकडे येतोय! माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या घरात शिरलो. चैत्रापासून आत कुणी गेलं नव्हतं. ते सगळ्यांशी दारातूनच बोलत.

स्वयंपाकघरात उघडा रांजण. आत अळ्यांचा नुसता बुजबुजाट.

"अहो, गावाचं पाणी सांडता आणि घरात ही पैदास? लाज नाही वाटत? माझी बायको मरायला टेकलीय तिकडे!"

सखारामजी खाली बसले.

"तिनं भरला होता, मास्तर. अंगात ताप होता, तरी भरला. मंग जी निजली ते उठलीच नाई. पाणी कमी झालं का मी वरून तांब्याभर टाकतो. तिचं पाणी सरू द्यावं नाई वाटत मले."

मला माझ्या जिभेची शरम वाटली. पण पलीकडून बायकोचं कण्हणं ऐकू येत होतं. दोघांनाही.

तेच उठले. रांजणाच्या काठाला हात लावला, आणि तसेच उभे राहिले.

"तुमी धरा एकीकून. मले एकट्याले नाई होत."

दोघांनी मिळून तो अंगणात आणला आणि पालथा केला. पाणी पसरत मोरीपर्यंत गेलं. मी म्हटलं, "चला आमच्याकडे, दोन घास खाऊन घ्या."

"तुमी व्हा पुढं, वहिनीपाशी बसा," ते म्हणाले आणि ओल्या जमिनीशेजारी टेकले. "हे वाळेपरेंत बसतो मी."