उजव्या पायाचा कौल

रत्नाबाईंचा उजवा खुबा बदलून त्यांना घरी आणलं, त्या दिवशी पेडण्याजवळच्या त्या घरात पहिला वाद झाला तो खुर्चीवरून. डॉक्टरांनी निघताना बजावून सांगितलं होतं की खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पुढे वाकायचं नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची आणि बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. बाकीचं सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं. शेवटचं मात्र सतीशने फार मनावर घेतलं. सतीश हा रत्नाबाईंचा एकुलता एक मुलगा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. फिटर माणसाला 'गुडघा खाली, कमर वर' एवढ्याने समाधान होत नाही.

"किती खाली, ता डॉक्टरान सांगलां नाय," तो टेप उघडत म्हणाला. "म्हणजे सेफ्टी मार्जिन धरूक होयी."

कुंपण बांधून उरलेले चिरे मागच्या दारी पडलेले होतेच. सोप्यावरच्या हातवाल्या कदेलीच्या, म्हणजे खुर्चीच्या, चारही पायांखाली त्याने एकेक चिरा दिला. रत्नाबाईंचे यजमान दिनकर यांना त्या घरात आजवर कुठल्याच गोष्टीत मत विचारलं गेलं नव्हतं. चिऱ्यांच्या बाबतीत आपल्याला अडवणारं कोणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"एकान काय जातला? दोन घाल," ते म्हणाले.

दोन घातले. मग रत्नाबाईंचे पाय लोंबकळायला लागले. पाय लोंबकळले तर सूज वाढते, म्हणून पायांखाली चिरे दिले. त्याबरोबर गुडघे परत वर आले. गुडघे वर आले म्हणून कदेल आणखी उचलली. कदेल उचलली तसे पाय परत लोंबकळायला लागले. हे बापलेक दुपारपर्यंत असेच चढत गेले आणि चिरे संपले म्हणूनच थांबले. मग सतीशने अँगल कापून भोवती चौकट वेल्ड केली आणि वॉकर घेऊन चढता यावं म्हणून फळ्यांचा लांबलचक उतार बांधला. संध्याकाळी रत्नाबाई वर जाऊन बसल्या तेव्हा दारातून आत येणाऱ्या माणसाला आधी त्यांचे पाय दिसायचे आणि मग मान वर केल्यावर त्या.

व्यायाम शिकवायला येणारी गौरवी दारातच थबकली. तिने चौकट हलवून पाहिली, ती हलली नाही. गुडघा पाहिला, तो कमरेच्या खाली होता. नाव ठेवायला तिला काही सापडेना.

"काकी, नियमात तर सगळां बसता," ती म्हणाली. "आता पायाचे पंजे अधीमधी वर-खाली करीत रवा. उजवो जास्त. रक्त फिरूक होयां."

रत्नाबाईंचं लक्ष पंजाकडे नव्हतं. एवढ्या उंचीवरून त्यांना सोप्याच्या अर्ध्या भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर दिसत होतं आणि त्या स्वयंपाकघरात सुमंगला वावरत होती.

सुमंगला ही त्यांची धाकटी जाऊ. दिचोलीला असते. मोठ्या जावेचं ऑपरेशन झालं म्हणून मदतीला आली, ती स्वतःचा कुकर, स्वतःची कढई आणि नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, प्लास्टिकचा साचा घेऊन. चवथ जवळ आली होती. त्या घराण्याचा गणपती याच घरात बसतो आणि घरातली रीत अशी की चवथीच्या नेवऱ्या जी तळते, तिचा शब्द वर्षभर चुलीपाशी चालतो. सासूबाईंनी झारा रत्नाबाईंच्या हातात दिला त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. दरवर्षी सुमंगला दिचोलीहून यायची, शेजारी बसून पुऱ्या लाटायची आणि झारा मागत म्हणायची, "वयनी, तू दमली आसशीत, हाड हंय झारो." रत्नाबाई कधी दमल्या नव्हत्या. यंदा मात्र त्या चिऱ्यांवर होत्या आणि झारा खाली.

"वयनी, तू कायएक चिंता करू नको," सुमंगला आतून ओरडून सांगायची. "सगळां मी बघतंय."

ती सगळं बघते आहे, हीच तर रत्नाबाईंची चिंता होती.

घोळ सुरू केला बाबली गावकरांनी. देवळात, नव्या घरात, नव्या गाडीपुढे, कुठेही नारळ ठेवून देवाकडे मागण्याचं गाऱ्हाणं घालायचं तर गावात बाबलीच लागत. ते आजारी रत्नाबाईंना भेटायला आले. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून दुकानात बिस्किटं घ्यायला गेले, तर दुकान बंद. मग घरचाच एक नारळ घेतला. आले आणि तो रत्नाबाईंच्या पायांपुढच्या चिऱ्यावर ठेवला. समोर उंचावर कोणी बसलेलं आणि पुढ्यात आपल्या हाताने ठेवलेला नारळ, एवढं झाल्यावर बाबलींचं तोंड बाबलींच्या ताब्यात राहत नाही.

"बा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "आज ह्या जाग्यार तू जी काय उंच बसलंस, तुझ्याफुडे ह्यो मानाचो नारळ ठेवलो आसा."

"व्हय म्हाराजा," दिनकर गाऱ्हाण्याला साथ देण्याच्या सवयीने म्हणाले.

"तेचो मान करून घे. माझो नातू सर्वेश घराकडे बसान आसा. तेका मोपार विमानतळार काम लागतला असात, तर उजवो कौल दी."

नेमका त्याच वेळी रत्नाबाईंनी पंजा हलवला. उजवा.

गावात उजवा कौल म्हणजे देवाचा होकार, डावा म्हणजे नकार. बाबलींच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवसांनी सर्वेशला मोपावरून बोलावणं आलं, प्रवाशांच्या ट्रॉल्या गोळा करायच्या कामाचं. त्याची मुलाखत रत्नाबाईंच्या ऑपरेशनच्या आधीच झाली होती, पण ही गोष्ट त्याने स्वतः सांगूनही कोणी ऐकून घेतली नाही.

त्यानंतर सोप्यावर माणसं मावेनात. कोणाला म्हैस विकायची होती, कोणाला विकलेली म्हैस परत घ्यायची होती. तेरेखोलचे एक गृहस्थ घरातली खोली पर्यटकांना द्यावी का, हे विचारायला वॉकरला पांघरायची शाल घेऊन होडीने आले. सतीशच्या कारखान्यातल्या कोल्हापूरच्या यशवंतने दिवाळीला जोडून रजा मागितली आणि उजवा कौल घेऊन तो साहेबाकडे गेला. साहेबाने रजा दिली आणि संध्याकाळी स्वतःच रांगेत येऊन उभा राहिला.

उजवा खुबा बदललेला, म्हणून व्यायाम उजव्या पंजाचा. त्यामुळे प्रत्येकाला कौल उजवाच. बांधावरून भांडणारे दोघे भाऊ वेगवेगळे आले आणि दोघांनाही जमीन मिळाली. दुसऱ्या दिवशी दोघे एकमेकांची गचांडी धरून सोप्यावर हजर.

"देवीन दोघांकय व्हय म्हटलां," बाबली शांतपणे म्हणाले. "म्हणजे अर्धी अर्धी. ह्यात काय कळाक नाय?"

ते भाऊ अनेक वर्षं कोर्टात जात होते. त्या दिवशी ते एकाच स्कूटरवरून घरी गेले.

"रे बाबली, मी देवी न्हय," रत्नाबाई वरून कळवळून म्हणाल्या. "माझां हाड मोडलेलां. तेच्या जाग्यार लोखंडाचां घातलां."

"ऐकलात?" बाबली रांगेकडे वळून म्हणाले. "आतून धातूची आसा."

एवढं बोलून रत्नाबाईंनी बोलणंच सोडलं. त्याने फरक पडला नाही, उलट मौनामुळे गर्दी वाढली. दिनकर सकाळी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसून पायथ्याशी उभे राहायचे आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. लग्न झाल्यापासून ते रत्नाबाईंना हेच म्हणत आले होते, पण आता ते मानाने म्हणता येत होतं. सतीशने चपलांसाठी रॅक वेल्ड केला. मागच्या दारी जिथे चिरे होते तिथे नारळांची रास झाली.

सुमंगला मात्र बधली नाही. ती पदराला हात पुसत दारात यायची आणि रांगेतल्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "देवी खंयची? रातची माका हाक मारून उशी सारखी करून घेता." मग आत जायची. रत्नाबाई वरून बघत राहायच्या. सुमंगलाने रवा फार भिजवला होता. सारणाला ओल राहिली होती. नेवरीची कड बोटांनी मुरडून मिटायची असते, तर ती साच्यात घालून खटकन दाबत होती. रत्नाबाईंची बोटं कदेलीच्या हातावर आपोआप मुरड घालत होती. रांगेतल्या बायका तेही बघून हात जोडत होत्या.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी आतून पहिला फट् असा आवाज आला. मग दुसरा. मग जळक्या गुळाचा वास सोप्यावर आला. रत्नाबाईंनी मान उंच केली. कढईत नेवऱ्या उघडून पडल्या होत्या, सारण तेलात करपत होतं आणि सुमंगला झारा हातात धरून नुसती उभी होती. तिने तेल बदललं. परत फट्. तिने आच कमी केली, तर नेवऱ्या फुटायच्या आधी तेल प्यायल्या. दुपारी गणपतीच्या तयारीला सगळं घराणं जमणार होतं.

मोठ्या जावेला विचारणं म्हणजे मान खाली घालणं. एवढी वर्षं 'हाड हंय झारो' म्हटलं आणि झारा हातात आल्यावर परत करायचा, हे सुमंगलाच्या जिवावर आलं. पण मान न जाता विचारायची एक जागा त्या घरात होती.

तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला, मागच्या राशीतला एक नारळ उचलला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे दोन माणसं होती. त्यांनी तिला वाट दिली, पण ती पुढे गेली नाही. आपली पाळी आल्यावर तिने नारळ चिऱ्यावर ठेवला. बाबली तोंड उघडणार तेवढ्यात तिने त्यांना हाताने थांबवलं.

"बा म्हाराजा," ती खाली बघत म्हणाली, "ह्या घरातल्यो नेवऱ्यो फुटतत. मी सगळां करून बघलंय. ह्यो नेवऱ्यो माझ्या हातान जावच्यो असतीत, तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा," दिनकर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर घाबरून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

रत्नाबाईंचे दोन्ही पाय स्थिर होते. सुमंगलाच्या कपाळाला पीठ लागलेलं, मनगटावर तेलाचा चटका. रत्नाबाईंना तिची कीव आली. कीव आली म्हणून झारा सोडावा एवढी मात्र आली नाही. त्यांनी डावा पंजा उचलला.

रांगेत कोणीतरी श्वास आत घेतला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच डावा.

"मगे कोणाच्या हातान?" सुमंगलाने अगदी हळू विचारलं.

उजवा पंजा वर-खाली झाला. रत्नाबाईंनी वॉकर पुढे ओढला. "हात दी गे," त्या म्हणाल्या. "आणि ता सारण पयलां आणखी जरा परतून घी."

जावेचा हात धरून त्या उतारावरून खाली आल्या. स्वयंपाकघरात सतीशने घाईघाईने एक उंच स्टूल ठेवलं. रत्नाबाई बसल्या, गुडघा कमरेच्या खाली आहे हे बघितलं, पीठ मळून घेतलं आणि मुरड घालायला लागल्या. सुमंगला शेजारी उभी राहून पुऱ्या लाटून देत होती. पहिला घाणा तळून निघाला आणि एकही नेवरी फुटली नाही.

तेवढ्यात गौरवी आली. सोपा ओलांडून आत डोकावली आणि खूश झाली.

"शेवटी उतरलात म्हणायचां," ती म्हणाली. "मी तर तुमका मागेच सांगलेलां, काकी. स्टुलार बसा, रांधा, बारकी-सारकी कामां करा. वर बसपाची गरज कधीच सरली."

रत्नाबाईंनी झारा हलवला. गौरवीला घाई होती, नेवरी हातात घेऊन ती गेली. सुमंगलाचं लाटणं थांबलं होतं.

"तुका खाली येवक येय होतां?"

"येय होतां."

"मगे इलंस कित्या नाय?"

"तू हाक खंय मारलंस?" रत्नाबाई म्हणाल्या. "आपणहून इलंय असतंय तर तू माका शेजारी बसयलंस असतंस, पुऱ्यो लाटूक. माका ता सोसवला नसता, सुमंगला."

सुमंगलाने लाटणं परत उचललं. शेजारी बसून पुऱ्या लाटणं म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

बाहेर गलबला झाला. दिचोलीहून एक मिनीबस भरून माणसं आली होती आणि वरची कदेल रिकामी होती. बाबली धापा टाकत स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"देवी खंय गेली? लोकांका काय सांगू?"

रत्नाबाईंनी जावेकडे पाहिलं. आता सुमंगला एक शब्द बोलली की सगळंच उघडं पडणार होतं. सुमंगलाने पुढची पुरी लाटून त्यांच्या हातावर ठेवली आणि दाराकडे न बघताच म्हणाली, "देवी कामात आसा. नारळ तेवढे हंय धाडून दी, आमका खोबरां कमी पडता."