लाल खणाचा भोपळा

"इतकं सामान लागतं, म्हणजेच ते करण्यासारखं नाही," आप्पा फणसळकरांनी निकाल देऊन टाकला. ओटीवर सुनेने सगळं मांडून ठेवलं होतं. काचेचा मुखवटा, पायात घालायचे रबरी पंजे, सुरी, शिट्टी आणि मुंबईहून आलेला नारिंगी रबरी फुगा. "मी जन्मभर आंब्याच्या कलमांवर चढतोय. कधी गळ्यात शिट्टी बांधली नाही."

"म्हणून दोनदा पडलात," माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. आप्पांशी संसार करून त्यांचे कान आणि जीभ दोन्ही तिखट झाली होती.

त्र्याऐंशी साल होतं आणि मांडवीत एक नवीनच खूळ आलं होतं. नौदलातून निवृत्त झालेला सदू भाटकर गावी परतला, तो पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायला शिकवतो म्हणून पाटी लावून बसला. पहिल्या दिवशी चार बाप्ये नि एक बाई आली. कान दुखतात म्हणून दोन गेले, बायको नको म्हणते म्हणून तिसरा गेला, आणि चौथा का गेला ते त्याने सांगितलंच नाही. उरली एकटी आप्पांची सून, लीला फणसळकर. माहेर देवरूखचं, विहिरीत पोहायला शिकलेली, आणि हट्टाला पेटली की कोणाच्या बापाचं न ऐकणारी. तिचे यजमान राजाभाऊ पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते आणि रविवारपुरते घरी यायचे. त्यांना विचारलं की ते म्हणत, "आप्पांना विचार." म्हणजे विचारून न विचारल्यासारखंच.

आता शेवटचा धडा उरला होता. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली जायचं आणि भरतीच्या ओढीबरोबर आत वाहत यायचं. पाण्याशी झगडायचं नाही, नेईल तिकडे जायचं. दोरीने बांधलेला फुगा वर तरंगत राहतो, त्याच्या मागोमाग होडी येते आणि शेवटी उचलून घेते. होडी चुकली तर शिट्टी मारायची. एवढं पार पडलं की गावातल्या मुलींना शिकवायला सदू लीलाला हाताशी घेणार होता. ह्या एका गोष्टीवर तिचा जीव जडला होता.

"देवरूखला समुद्र कधी आला गो?" आप्पांनी विचारलं.

"मीच आले ना समुद्राकडे," लीला म्हणाली.

आप्पा चिडले. चिडले की ते अटी घालत. "जा एकदाची. मीही येतो होडीत, लक्ष ठेवायला. खाली जा, वर ये, होडीत चढ, माझं काही म्हणणं नाही. पण गटांगळ्या खायला लागलीस नि कोणी तुला ओढून काढलंन, तर हे सगळं सामान सदूच्या दारात. परत पाण्याचं नाव काढायचं नाही."

"कबूल. मला कोणी ओढून काढणार नाही. बघाच तुम्ही."

आप्पा सगळं बघायचंच म्हणून बसले होते. त्यांनी फुग्यापासून सुरुवात केली. एवढंसं रबर माणसाचा जीव कसा वाचवतंय, हे पाहायला त्यांनी तो टम्म फुगवला आणि अंगणाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर उन्हात ठेवला. दुपारी चहाच्या वेळेला फाटकन आवाज झाला. आप्पा समाधानाने म्हणाले, "बघ. रबराचा भरवसा नाही."

लीलाच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मुंबईहून दुसरा फुगा यायला महिना जाणार, आणि सदू तर आठवड्याने बहिणीकडे गोव्याला निघालेला. पण माई उठल्या, माळ्यावर चढल्या आणि एक मोठा वाळका भोपळा घेऊन खाली आल्या. "हे पोहायला शिकले ते ह्या भोपळ्यावर. ह्यांचा भार सोसलान त्याने, फुग्याचं काम सहज करील."

सदूने भोपळा पाण्यात दाबून पाहिला आणि मान डोलावली. फक्त लांबून दिसायला लाल कापड हवं म्हणाला. माईंनी देवीच्या ओटीतला लाल खण काढून भोपळ्याला बांधला. आणि हात लागलाच आहे तर त्यांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, एक नारळ जोडला, लिंबू-मिरची अडकवली आणि काळा दोरा गुंडाळला.

"माई, हे कशाला?" सदूने विचारलं.

"तुझी शिट्टी तुझ्या जागी, माझा नारळ माझ्या जागी. तुझ्या मुंबईच्या फुग्याने काय दिवे लावलेन?" सदूने भोपळा उचलला. आरमारात त्याने मोठमोठ्या साहेबांची बोलणी खाल्ली होती, पण माईंपुढे त्याचा नाइलाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती लागली तशी बाबल्या खारव्याची मशीनहोडी खाडीच्या तोंडाशी आली. सदू आणि लीला पाण्यात उतरले, भोपळा वर डुलायला लागला, आणि लाल खणावर नजर ठेवून बाबल्या संथपणे मागे निघाला. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, आप्पा छत्री उघडून बसले.

पाण्याखाली लीलाला काय दिसलं? खरं सांगायचं तर स्वतःचा हात, आणि तोही कोपरापर्यंत. खाडीचं पाणी गढूळच असतं. पण पाणी आपल्याला अलगद घेऊन चाललंय आणि आपण कोणाच्याही परवानगीशिवाय चाललोय, ह्याचा तिला इतका आनंद झाला की ती टाकीतल्या हवेवर हसली.

वर मात्र घोटाळा सुरू झाला होता. वाहून आलेल्या जुन्या जाळ्याचा दोर होडीच्या पंख्यात अडकला आणि मशीन बंद पडलं. बाबल्याने नांगर टाकला आणि दोर कापायला पाण्यात वाकला. होडी थांबली. भोपळा काही थांबला नाही.

"बाबल्या, ती लांब चालली रे," आप्पा म्हणाले.

"वाइच दम धरा, आप्पा."

आप्पांना दम निघेना. तेवढ्यात मासे घेऊन गावातल्या रावजीची होडी आत येताना दिसली. आप्पांनी छत्री हलवून तिला थांबवलं, उडी मारल्यासारखे तिच्यात चढले आणि म्हणाले, "तो लाल कपडा दिसतोय ना, तिकडे घे."

रावजीने होडी घेतली. जवळ गेल्यावर त्याला भोपळा दिसला. मग खण दिसला, नारळ दिसला, कुंकू दिसलं. त्याचा सुकाणूवरचा हात थांबला. "आप्पा, ह्यो तर उतारा. कुनाची तरी पीडा ववाळून सोडलेली हाय. मी नाय त्याच्या वाटंला जानार."

"अरे उतारा कुठला? माझी सून आहे ती."

रावजीने आप्पांकडे नीट पाहिलं. उन्हाने माणसाचं डोकं फिरतं हे त्याला ठाऊक होतं.

इकडे हवा संपत आली म्हणून सदू आणि लीला वर आले होते. बाबल्याच्या होडीचा पत्ता नव्हता. शिकवल्याप्रमाणे लीलाने भोपळ्याला एक हात घातला आणि जोरात शिट्टी मारली.

"रावजीदादा, उतारा शिटी मारतोय," होडीतला गडी रावजीच्या पाठीमागे सरकत म्हणाला.

झालं. रावजीने होडी वळवली. मागून येणारी दुसरी होडी शिट्टी ऐकून आणखी लांबून गेली. लीला जितकी शिट्टी मारी, तितकी खाडी मोकळी होत गेली. सदूने हाका मारल्या, तर रावजी देवाचं नाव घ्यायला लागला. पाण्यात उतरलेल्या माणसाला उतारा ठरवणारी ही मंडळी. त्यांना कोण समजावणार?

आप्पा उभे राहिले. खरं म्हणजे हाच त्यांचा विजय होता. सून पाण्यात अडकली होती, ओढून काढायचं तेवढं बाकी होतं. पण त्यांना अट आठवली नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की लीलाचं डोकं लाटेमागे गेलं आणि वर यायला उशीर झाला. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "पोर आहे रे ती माझी," असं म्हणत त्यांनी धोतरासकट खाडीत उडी घेतली.

आप्पा कधीकाळी चांगले पोहत. पण तेव्हा धोतर नव्हतं आणि वय पासष्ट नव्हतं. धोतर पायांना गुंडाळलं आणि आप्पा एकदा खाली गेले, दुसऱ्यांदा खाली गेले. तिसऱ्यांदा जाण्याआधी लीलाने मागून त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली.

"सोड मला. मी तुला न्यायला आलोय," आप्पा म्हणाले आणि पाण्याचा एक घोट गिळला.

"न्या की. पण आधी भोपळा धरा, आणि बोलू नका, तोंडात पाणी जातंय."

त्यांनी भोपळा धरला. एका बाजूला सदू, दुसऱ्या बाजूला लीला, मध्ये खण आणि नारळ कवटाळून आप्पा, अशी ती वरात भरतीबरोबर आत चालली. कोणी पाण्याशी झगडलं नाही. भरतीनेच त्यांना वाळूच्या पट्ट्यावर आणून सोडलं.

तिथे गावातल्या हौसा आणि मैना तिसऱ्यांचे शिंपले वेचत होत्या. खण-नारळ बघून मैना पाटी टाकून पळाली. हौसा धीराची होती. गुडघाभर पाण्यात येऊन तिने लीलाला हात दिला.

"हात लावू नका," लीला म्हणाली. पाठीवरच्या टाकीच्या भाराने ती वाकली होती. "माझी मी येणार."

"मलाही लावायचा नाही," आप्पा ठसक्यातून म्हणाले. मग सासरा आणि सून दोघंही चार पायांवर रांगत वाळूवर आले, आणि हौसा दोन्ही हात मागे घेऊन बघत राहिली. सदूने मात्र तिचा हात निमूटपणे घेतला. तोवर मशीन दुरुस्त करून बाबल्याही पोचला.

घरी माईंनी दोघांना गरम पाणी दिलं आणि आल्याचा चहा केला. दोघंही भोपळ्याचंच कौतुक सांगत होते. पण आप्पांचा ओला सदरा दोरीवर टाकताना माईंना कॉलर मागून उसवलेली दिसली.

"ह्यांना कोणी ओढून काढलंन?"

आप्पांनी चहाचा मोठा घोट घेतला. लीला म्हणाली, "मला कोणी काढलं नाही, माई. एवढं खरं."

"अगो, ते कळलं. तू जा खुशाल, शिकव पोरींना." माई आप्पांकडे वळल्या. "पण अट म्हणजे अट. तुम्हाला ओढून काढलंन. आजपासून तुमचा समुद्र बंद."

"अट सुनेला घातली होती मी."

"पाण्याला काय कळतंय, सून कोण नि सासरा कोण? बंद म्हणजे बंद. ह्या वयात धोतरासकट उड्या मारतायत."

आप्पांनी कप खाली ठेवला. नाकातलं खारं पाणी अजून गेलं नव्हतं, पण ते ताठ बसले. "मी घाबरलो म्हणून उडी मारली. आता न घाबरता मारणार. सदू गोव्याहून आला की त्याच्याकडे जाणार, आणि रीतसर टाकी लावून शिकणार. मला कोण अडवतंय ते बघतोच."

माईंनी लीलाकडे पाहिलं. लीलाने आप्पांच्या कपात उरलेला चहा ओतला आणि शांतपणे म्हणाली, "जाऊ दे त्यांना, माई. मी बसेन होडीत, लक्ष ठेवायला."