रागावणारा डबा

अंबादास डॉक्टरने ओळख झाली त्याच दिवशी मला त्याच्यावर रागावायला सांगितलं. शेवगावजवळच्या एका दवाखान्यात मी दातांची डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. नव्या माणसाला चहा पाजायची तिथे पद्धत आहे. तो चहा संपायच्या आत हा गृहस्थ समोर आला, मोबाईल माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, "म्याडम, असं समजा, मी म्हातारा हाय. बीपीची गोळी घेत न्हाई. आता मला झाडा."

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि ह्याच्या अंगात मरून रंगाचा स्वेटर होता. अशा माणसाशी वाद घालू नये एवढी अक्कल मला होती. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "आजोबा, कृपया वेळेवर गोळी घ्या. नाहीतर मला राग येईल."

त्याने मोबाईल खाली घेतला. "इनंती करताय का दम देताय? ह्याच्यानं म्हातारा घेत आसंल ती गोळीबी सोडून दील."

अंबादास आमच्याकडचा एमबीबीएस डॉक्टर, वयाने माझ्याएवढाच. कुणी बोलकं माणूस भेटलं की ते रागावतं कसं, हे ऐकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. भाजीवाल्या मावश्या, एसटीचे कंडक्टर, आमच्या सिस्टर, सगळ्यांची ओरड त्याच्या मोबाईलमध्ये भरलेली. पसंत पडली तर "कडक हाय," नाही पडली तर "पाणचट." माझ्यावर पहिल्याच दिवशी पाणचटचा शिक्का बसला तो बसलाच.

हा सगळा खटाटोप एका डब्यासाठी होता. आपला मसाल्याचा गोल डबा असतो ना, आत वाट्या असलेला, अगदी तसला. हळद-तिखटाच्या जागी गोळ्या आणि झाकणाखाली बोलणारं छोटं यंत्र. गोळीची वेळ सांगणारे गोड आवाजाचे डबे बाजारात मिळतात म्हणे. अंबादासचा डबा रागावायचा. पहिल्यांदा समजुतीने, झाकण उघडलं नाही तर थोड्या वेळाने चढ्या आवाजात आणि तिसऱ्यांदा सगळ्या घराण्याचा उद्धार. झाकण उघडलं की गप्प. आणि आवाज परक्याचा नाही, त्या म्हाताऱ्याच्याच माणसाचा. चाकणला दिलेल्या लेकीचा, नाशकात राहणाऱ्या सुनेचा.

"लोकं म्हनत्यात, म्हातारी मानसं गोळी इसरत्यात," अंबादास म्हणायचा. "गोळी न्हाई इसरत. घ्यायची कुणासाठी, ते इसरत्यात."

त्याच सुमारास एका पुरस्काराची जाहिरात आली. नव्याने काम सुरू केलेल्या डॉक्टरांनी काही उपकरण तयार केलं असेल, तर ते पुढे न्यायला निधी मिळणार होता. तो मिळाला तर आसपासच्या गावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरोघरी डबा पोचला असता. नाही मिळाला तर अंबादासने पदरमोड करून केलेल्या चार-दोन डब्यांवर सगळं थांबणार होतं. अर्ज इंग्रजीत हवा होता. मी इंग्रजी शाळेतली, एवढ्या भांडवलावर मी सहसंशोधक झाले. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आदी लोकांचे दात तरी नीट काढ." अंबादासचं ते 'कुणासाठी'वालं वाक्य मी इंग्रजीत असं काही चढवलं, की वाचून आम्ही दोघंही भारावलो. अर्थ मात्र दोघांनाही लागला नाही.

माझी आई मूळची इकडच्याच बेलापूरची. ती माझ्याकडेच राहते. एकदा अर्जाच्या कामासाठी अंबादास घरी आला आणि नेमकं तेव्हाच मी दूध उतू घालवलं. त्यानंतर आई जे बोलली ते इथे लिहिण्याजोगं नाही. अंबादास दारातच उभा राहिला, कीर्तन ऐकावं तसा. "म्याडम," तो हळूच म्हणाला, "घरात खाण हाय की! आन तुमी अशा पाणचट कशा?"

मग काही ना काही निमित्त काढून तो येऊ लागला. आईनेही त्याला सोडलं नाही. त्याचं थायरॉइड कमी होतं, म्हणून उन्हाळ्यातही थंडी वाजायची, म्हणून तो स्वेटर. रोज सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी, एवढंच त्याला करायचं होतं. "घेतो का रं गोळी?" आई विचारायची. "घेतो की मावशी," तो म्हणायचा. माझे पेशंट "दोन वेळा ब्रश करतो की" म्हणतात, अगदी त्याच सुरात.

परीक्षकांपुढे डबा दाखवायला आम्ही एसटीने पुण्याला गेलो. वाटेत सुप्याच्या आसपास पिशवीतला डबा अचानक ओरडला आणि समोरच्या सीटवर पाय पसरून बसलेल्या गृहस्थांनी मुकाट्याने पाय खाली घेतले. अंबादासने हा शुभशकुन मानला. मीही मानला, कारण भाषण माझं होतं आणि मला कुठल्याही आधाराची गरज होती.

राधूनाना म्हणजे आमचे एकटे राहणारे म्हातारे पेशंट, त्यांचा डबा आम्ही नेला होता. त्यात त्यांच्या लेकीचा आवाज. "नाना, गोळी घेतली का?" तिथपर्यंत परीक्षक हसतमुख होते. "नाना, मी हितं बोंबलती आन तुमी पारावर तंबाकू मळीत बसा!" तिसऱ्या ओरडीला तर अध्यक्षांचा हात नकळत स्वतःच्या खिशातल्या गोळ्यांकडे गेला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात एका परीक्षक बाईंनी आमचेच कागद पुढे केले. झाकण कधी उघडलं याची नोंद डबा स्वतःच ठेवतो. "तुमच्या नोंदींवरून दिसतंय, की पहिल्या हाकेला कुणीच गोळी घेत नाही. जवळजवळ सगळे तिसऱ्या रागावण्यापर्यंत थांबतात. मग हा डबा उपयोगी आहे असं कसं म्हणायचं?"

प्रश्न सरळ होता. त्यावर मी पुष्कळ इंग्रजी बोलले. बोलून झाल्यावर परीक्षकांचे चेहरे तोंडात कापूस कोंबलेल्या माझ्या पेशंटांसारखे दिसत होते. अंबादास खाली बघत होता. अध्यक्षांनी आठवडाभरात लेखी खुलासा मागितला. तो पटला तर निधी मिळेल, असंही सांगितलं.

परत आल्यावर मी कारण शोधून काढलं. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं! आवाज मोठा केला की झालं. त्यावर मी चांगली पानंच्या पानं लिहिली आणि सही घ्यायला सकाळी अंबादासच्या खोलीवर गेले. तो दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहतो. आईने त्याच्यासाठी थालीपीठं बांधून दिली होती.

दार उघडंच होतं. अंबादास स्वेटर घालून खाटेवर बसला होता, हात गुडघ्यांवर, समोर स्टुलावर डबा. मी हाक मारणार, एवढ्यात डबा बोलला.

"अंबादास, उठला का रं बाळा? गोळी घे."

आवाज माझ्या आईचा होता. हे तिने कधी भरून दिलं, मला पत्ताही नव्हता. अंबादासने मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने डबा चढ्या आवाजात म्हणाला, "आरं, ऐकू येतं का न्हाई? डॉक्टर झाला म्हंजी लई शाना झाला व्हय?" अंबादास नुसता हसला. मी थालीपीठं घेऊन उभीच. मग तिसरी ओरड आली. "मुडद्या, त्या सुटरासकट उन्हात बांधून ठिवीन तुला! घे ती गोळी. आन दुपारी जेवाया ये, वाट बघाया लावू नको."

मग त्याने झाकण उघडलं आणि पाण्याबरोबर गोळी घेतली.

"पहिल्याच हाकेला का नाही घेतली?" मी विचारलं. प्रश्न त्या परीक्षक बाईंचाच होता.

त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे, तो आश्रमशाळेत वाढला आणि ते दोघंही आता नाहीत, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे तो कधी बोलला नव्हता. "वसतिगृहात घंटा हुती, म्याडम," तो म्हणाला. "उठायची, जेवायची, झोपायची. घंटा सगळ्यांनाच सारकी. नाव घिऊन मला कुणी रागावलंच न्हाई."

त्याने झाकण लावलं आणि डबा जरा नीट सरळ ठेवला.

"लगीच घेतली की ती गप बसती ना."

 मला राधूनाना आठवले. पुण्याला न्यायचा डबा आणायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते तो मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते आणि त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. माझ्या हातात बहिरेपणावरचा निबंध होता. मी तो पिशवीत कोंबला.

खुलासा म्हणून मी अंबादासचं ते 'गप बसती'वालं एकच वाक्य जसंच्या तसं मराठीत लिहिलं आणि खाली त्याचं साधं इंग्रजी. या खेपेला माझंच इंग्रजी मला समजलं.

पुरस्कार मिळाला नाही. पत्र फार सभ्य होतं. कल्पना हृद्य आहे, पण गोळी उशिराच घेतली जाते, त्याचं काय? त्यांचंही चूक नाही, हे आज म्हणता येतं. त्या दिवशी मी ते पत्र हातात धरून दवाखानाभर तडतडत फिरले. परीक्षकांच्या दातांचं मी काय काय करीन, ते सगळ्या ओपीडीला ऐकू गेलं. अंबादास माझ्या मागून चालत होता. "म्याडम," तो म्हणाला, "आता कडक जमाया लागलंय. मोबाईल काढू का?" एवढं बोलून तो हसला, पण डोळे पुसायला त्याने स्वेटरची बाही वापरली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. लगेच का घेत नाही, तेसुद्धा. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने त्याचा डबा घरी मागवून घेतला, मला खोलीबाहेर काढलं आणि चौथं रागावणं भरून दिलं. ते चांगलं लांबलचक आहे. शेपूची भाजी टाकण्यापासून लग्नाचं मनावर न घेण्यापर्यंत सगळं त्यात येतं.

तेव्हापासून अंबादास रोज ओपीडीला थोडा उशिरा येतो. पेशंट कुरकुरतात. मी त्यांना सांगते, बसा जरा, येतीलच डॉक्टर. घरून निघायला त्यांना वेळ लागतो.