चिकटरावांचं भरण सुटलं

चिकटरावांनी चिमट्याचं टोक नुसतं टेकवलं आणि वर्षभराची मेहनत उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी अलगद निघून आली. सकाळपासूनच्या सगळ्या नमुन्यांनी हेच केलं होतं.

चिकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कॉम्प्युटरमधली चिप आणि तिच्याखालची पट्टी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते आणि त्या फटीत धातूचे इवलेइवले मणी चिपला तोलून धरतात. चिप तापली की सगळं फुगतं, गार झाली की आकसतं, आणि या ओढाताणीत मणी तडकतात. ते तडकू नयेत म्हणून फटीत डिंकासारखं भरण सोडायचं आणि भट्टीत घट्ट करायचं. हे भरण चिपला घट्ट धरून राहावं म्हणून हा माणूस वर्षभर हटून बसला होता, त्यामुळे कंपनीने त्यांचं बारसं केलं. मागच्या आठवड्यापर्यंत त्यांचं भरण असं धरत होतं की चिप फुटेल, पण भरण सुटणार नाही. आणि आता ऐन वेळी त्याने मान टाकली होती.

ऐन वेळी म्हणजे काय, तर गिऱ्हाईक कंपनीच्या मॅडम तपासणीला यायच्या होत्या. तुमचं भरण आमच्या कारखान्यात सुटतं, अशी त्यांची तक्रार होती. साहेबांनी छातीठोकपणे कळवलं होतं, आमच्याकडे या आणि स्वतः ओढून बघा. आता साहेबांची छाती बसली होती.

"त्यांच्यासमोर सुटलं तर भरणाचं काम बंद," ते म्हणाले. "मग तुम्ही तक्रारींना उत्तरं लिहायला बसायचं."

तक्रारींना उत्तरं लिहिण्यापेक्षा चिकटराव भट्टीत जाऊन बसले असते.

भरणाचा हाडवैरी म्हणजे तेलकटपणा. कुणाच्या हातावरच्या क्रीमचा अंश जरी चिपवर गेला तरी भरण तिला धरत नाही. चिकटरावांनी त्याच दिवशी फर्मान काढलं: डोक्याला तेल नाही, तोंडाला क्रीम नाही, अत्तर नाही, काही नाही. दोन दिवसांत सगळ्या विभागाला अवकळा आली. नमुने ओढून बघणाऱ्या चाचणीवालीचे ओठ फुटले. साहेब डोक्याच्या एका बाजूचे केस जेल लावून दुसऱ्या बाजूला नेत असत. जेल बंद झाल्यावर ते केस माहेरी परतले आणि खांद्यावर लोंबू लागले. साहेबांनी पंख्याखाली बसणं सोडलं.

भरण तरीही सुटत होतं. चिकटरावांनी हातमोज्यांवर संशय घेतला, चिपा साफ करणाऱ्या यंत्रावर घेतला, शेवटी पाण्यावरही घेतला. अखेर चाचणीवाली त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, राग मानू नका. काल तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात ना, तेव्हा मी केलेले नमुने घट्ट आहेत. आणि त्याआधी साहेबांनी तुम्हाला आत बसवून ठेवलं होतं, तेव्हाचेही घट्ट आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही नसलात की चिकटतं."

घरी जाऊन चिकटरावांनी साध्या साबणाने अंग सोलून निघेपर्यंत आंघोळ केली. बायकोने दाराबाहेरून विचारलं, अंगाला एवढं लागलंय तरी काय? तेच शोधतोय, असं आतून उत्तर आलं. ते बाहेर आले तेव्हा ती त्यांचा पांढरा कोट इस्त्री करून हातात घेऊन उभी होती.

"उद्या त्या मॅडम येणार ना, म्हणून आज कपडे मऊ करायचं औषध जरा जास्तच घातलंय," ती म्हणाली. "बघा तरी, लोण्यासारखा झालाय."

कोट कंपनीतच धुवायचे, घरी न्यायचे नाहीत, असा नियम होता. पण कंपनीच्या धुण्याने कोट पापडासारखा कडक व्हायचा आणि कॉलर मानेला काचायची. चिकटरावांनी घरी तशी कुरकुर केली, बायको म्हणाली आणा इकडे, आणि मागच्या आठवड्यापासून कोट पिशवीतून गुपचूप ये-जा करत होता. त्यांनी मोरीवरची बाटली उचलली. वर फुलांचं चित्र, खाली बारीक अक्षरांत सिलिकॉन. तेलकट हाडवैऱ्यांमधला हा सगळ्यात दुष्ट. तो रोज त्यांच्याच बाहीवर बसून चिपांपर्यंत जात होता, आणि ते बिचाऱ्या साहेबांचं जेल बंद करत बसले होते.

त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण बायको इतक्या कौतुकाने कोट धरून उभी होती की तोंडून "वा, मस्त झालाय," एवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी चिकटरावांनी कंपनीचा कडक कोट चढवला आणि पहाटेच जाऊन नवे नमुने केले. भरण मुकाट धरून बसलं. त्यांनी साहेबांना कारण सापडल्याचं कळवलं, कोणतं ते कळवलं नाही. तेवढ्यात मॅडम आल्या. स्वतःचा पांढराशुभ्र कोट घालूनच आल्या आणि थेट नमुन्यांवर वाकल्या. त्यांच्याबरोबर फुलांचा मंद वास आला.

चिकटरावांना बाटलीवरची फुलं आठवली.

"मॅडम, जरा... कोट काढता का?"

साहेबांना खोकल्याची उबळ आली. मॅडम सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी का म्हणून विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. चिकटरावांनी मान खाली घालून पिशवीपासून बाटलीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता साहेबांचा हात हळूहळू डोक्याकडे गेला. मॅडमनी कोट काढला, दाराबाहेर टांगला, हात धुतले आणि नमुना यंत्रात लावून ओढला. कट्कन आवाज झाला. चिप मधोमध फुटली होती, भरण जागचं हललं नव्हतं. दुसरा तसाच, तिसराही तसाच. चिकटराव स्टुलावर बसले. किती दिवसांनी त्यांना पोटभर श्वास घेता आला.

साहेब आनंदाने कुणाकडे जेल मिळतंय का ते बघायला गेले. मॅडम समोरच्या स्टुलावर बसल्या.

"म्हणजे आमच्याकडे मीच," त्या हळूच म्हणाल्या.

"तुमच्याकडे कोट घरी नेलेला चालतो?"

"नाही. पण सासूबाई धुतात. लग्न झाल्यापासून आमचं जेमतेम बोलणं होतं. मध्यंतरी त्यांनी आपणहून कोट मागून घेतला, आणि आता आम्ही संध्याकाळी चहा एकत्र घेतो. तुम्ही घरी कसं सांगितलंत?"

"नाही सांगितलं," चिकटराव म्हणाले. "मऊ कोट पिशवीत घालून निघालो, इथे कडक घातला. घरी जाताना मऊवाला थोडा चुरगळून न्यायचा, म्हणजे वापरल्यासारखा दिसतो."

मॅडम हसू लागल्या, आणि त्यांच्या कपाळावरची आठी निघून गेली.

साहेब केस जागच्या जागी बसवून परत आले आणि त्यांनी विचारलं, मॅडम, अजून काही तपासायचंय का?

"नाही, भरण उत्तम आहे. तेवढा तुमच्याकडचा एक जादा कोट द्या," मॅडम म्हणाल्या. "जितका खरखरीत असेल तितका बरा."